सेजलसाठी न फोडलेली बाटली

मी एक जुनी लशीची पेटी हाय, मित्रांनो. रंग निळा होता, उन्हानं पांढुरका झालाय. कारखान्यात मला बर्फ पोटात धरून ठेवायला शिकवलं. माझं पोट इतकं गार, की एकदा कापडे गावच्या वाटेवर एक नाग माझ्यावर बसला न् शिंकत शिंकत बिळात पळाला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

वैशाली नर्सबाय मला खांद्याला अडकवून दर महिन्याला डोंगरावरच्या कातकरीवाडीत न्यायची. पोलादपुरात लोक विचारायचे, "बाय, कुल्फी हाय काय?" मी फुगायचे.

वाडीत मात्र माझं कौतुक नव्हतं. मी दिसले की आया पोरांना घेऊन नदीकडं जायच्या. मागे एकदा टोचल्यावर पोरं तापली होती. असा ताप येतो न् जातो, हे त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मग भरवसा कसा ठेवतील?

एका वर्षी दिवाळीनंतर वाडीतली आवडी मात्र आपणहून आली. कडेवर नऊ महिन्यांची सेजल. सासू, तुळजाबाई, मागून बोलतच होती, "पोर तापली तर भाकऱ्या कोण थापील गो? तुझी नर्सबाय?"

"मीच थापीन. तुम्हाला करपलेली देईन."

नर्सबाय हसली. गोवराच्या लशीची बाटली तिनं हातात घेतली न् थांबली. एका बाटलीत दहा पोरांची लस असते. फोडली की थोड्या तासांत संपवायची, उरली तर फेकायची.

"आणखी पोरं येऊ देत गो. एकटीसाठी फोडली तर बाकीची वाया जाईल. वरून मला बोलणी बसतील."

"ती नदीवर हायत, खेकडे धरायला. तुला बघूनच गेलीत."

"येतील. बस जरा."

आवडी बसली. सेजल माझ्या पट्ट्याशी खेळता खेळता झोपली. उन्हं उतरली, कोणी आलं नाय. नर्सबायनं बाटली परत माझ्या पोटात ठेवली.

"पुढल्या महिन्यात ये हां."

"पुढल्या महिन्यात आम्ही कुठं असणार? परवा ट्रक येतोय. कोळशाच्या भट्टीवर जायचंय, पार कर्नाटकात."

"मग तिथल्या दवाखान्यात टोचून घे."

आवडीनं मान डोलावली. तिथं दवाखाना कुठं असतो, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, मी थापा मारते. पण आता सांगते त्यात एक अक्षर वाढवलेलं नाय.

पावसाच्या तोंडावर वाडी परतली. आवडीची कड रिकामी होती.

"सेजल कुठाय गो?"

"भट्टीवर गोवर आला. तिथंच मातीत ठेवली तिला." आवडीनं माझ्याकडं बघितलं, मग सावकाश विचारलं, "त्या बाटलीला मग दहा पोरं जमली का, बाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती.

आता माझं झाकण नीट लागत नाय, बर्फ टिकत नाय. दवाखान्याच्या कोपऱ्यात पडून असते. ट्यूबलाइट बदलायची झाली की कोणीतरी माझ्यावर पाय देऊन उभं राहतं. त्याचं काय वाटत नाय. पण तुमच्यातलं कोणी उद्या नर्स होईल, डॉक्टर होईल, खांद्याला माझ्यासारखीच एखादी नवी पेटी असेल. तेव्हा एकटीच आई आली, तर एका पोरासाठी बाटली फोडा. उरलेली लस फेका, बोलणी खा. पण तिला बसवून ठेवू नका.