अठराच्या आत

गोदामातली कबुतरं मारायचं काम बापाचं, पण बंदूक चालवायची लेक. गोदामात हे सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं.

बापाला लोक नेमबाज म्हणत. एके काळी ते नाव त्याला शोभायचंही. तुळईच्या पार टोकाला बसलेलं कबूतर तो दारातूनच पाडायचा, आणि ते खाली आपटायच्या आत पुढचा छरा भरायला बंदुकीची नळी वाकवलेली असायची. कबुतरं धान्याच्या पोत्यांवर घाण करत, मग माल परत येई, म्हणून मालकाने त्याला कायम ठेवलं होतं आणि गोदामामागे दोन खोल्या दिल्या होत्या. पुढे त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं. "डोळ्यात सुरी खुपसून घेऊ? मला काय वेड लागलंय?" असं म्हणून तो घरी आला आणि त्याने अकरा वर्षांच्या लेकीच्या हातात बंदूक दिली.

तिला सगळे बारकी म्हणत. अंगानेही ती बारकीच होती, त्यामुळे पत्र्याखालच्या लोखंडी पट्टीवरून सहज सरपटत जायची. छरे गालात धरायची आणि एकेक काढून भरायची. बाप खाली उभा राहून, वर तोंड करून ओरडायचा, "लागलं का?" फडफड ऐकू आली की स्वारी खूश. नुसता पत्र्याचा टण् आवाज आला की तो तिला खाली बोलवायचा आणि छऱ्यांची डबी तिच्या डाव्या कानशिलावर हाणायचा. नेहमी डाव्याच, कारण उजवा गाल बंदुकीला लावायचा असायचा. पुढे पुढे त्या कानाने तिला कमी ऐकू यायला लागलं. तिने सांगितलं तेव्हा बाप म्हणाला, "बरंच झालं की. बंदुकीचा आवाज तेवढाच कमी."

जखमी कबूतर पोत्यांच्या थप्प्यांमधल्या फटीत पडलं तर आत बारकीनेच शिरायचं, कारण बाप तिथे मावत नव्हता. अंधारात चाचपडायचं, गरम काहीतरी हाताला लागलं की मान पिरगाळायची. पहिल्या खेपेला ती बाहेर येऊन ओकली. बापाने तिच्याकडूनच जमीन पुसून घेतली. वार्षिक परीक्षेत गणिताच्या पेपरच्या दिवशी मोठा माल यायचा होता. बापाने तिला वर चढवली आणि खालची शिडी काढून घेतली. दुपारी शिडी परत लावली तेव्हा पेपर संपला होता. पुढच्या वर्षी तिने शाळा सोडली. आई एवढंच म्हणाली, "वाचता येतंय ना? मग झालं."

गोदामात तिची विचारपूस करणारी एकच बाई होती. निवडून भरलेली पोती शिवणाऱ्या बायकांवर ती मुकादम होती आणि सगळे तिला मावशी म्हणत. डोक्याला करड्या रंगाचा रुमाल घट्ट बांधलेला, हातात दाभण. डबा उघडला की ती अर्धा बारकीपुढे सरकवायची आणि म्हणायची, "आधी हात धू. रक्त आहे नखात."

बारकी सोळाची झाली त्या वर्षी परवाना नवा करून घ्यायला बाप तिला बरोबर घेऊन गेला. परवाना खात्यात डोळे तपासत. भिंतीवर अक्षरांची पाटी, पंधरा पावलांवर खुर्ची. रांगेत मागे उभ्या राहिलेल्या बारकीने पाटी वाचली आणि शेवटच्या ओळीपर्यंत बापाच्या कानात सांगितली. बापाने ती खुर्चीत बसून धडाधड म्हणून दाखवली. तपासणाऱ्याने "वा!" म्हटलं.

शिक्का मारण्याआधी टेबलामागच्या अधिकारी बाईने नियम तोंडी सांगितले. ती ते रोज सांगत असावी, कारण एका सुरात सांगितले. "चौदाच्या आतल्या पोराच्या हातात छऱ्याची बंदूक द्यायची नाही. चौदाच्या पुढे दिलीत तर फक्त मैदानावर, मोठं माणूस शेजारी हवं. कामाच्या जागी, जिथं माणसं वावरतात तिथं, अठराच्या आत नाही म्हणजे नाही. आणि काही झालं तर शिक्षा पोराला नाही. ज्याने दिली त्याला. तुरुंगात जाल."

"अहो बाई, आमची पोर पाल दिसली तरी पलंगावर चढते," बाप म्हणाला आणि स्वतःच हसला. बारकीही हसली. पण प्रत्येक शब्द तिच्या डोक्यात बसला. चांगल्या कानाने ऐकलं होतं तिने.

पाटीची गंमत तिने मावशीला सांगितली. मावशी हसली नाही. "दिसत नाही त्या माणसाला दिसतं म्हणून लिहून आणलंस?" एवढंच म्हणून ती शिवायला लागली.

मग तो दिवस आला. मोठा खरेदीदार गोदाम बघायला येणार होता. मॅनेजर सकाळपासून घाम पुसत फिरत होता. त्याने बापाला बाजूला घेतलं. "आज त्या पोरीला वर चढवलंस तर बघ. बंदूक तुझ्याच हातात दिसली पाहिजे." बारकीला बापाने धुतलेले कपडे घालून दाराशी उभं केलं. पण पाहुणे अर्ध्या तासावर आले असताना मागच्या दालनात दोन कबुतरं शिरली. मॅनेजर ओरडला, "घालव त्यांना! काय वाटेल ते कर!"

बाप बंदूक घेऊन आत गेला. बारकी दारातून बघत होती. कबुतरं वर तुळईवर होती, अगदी शेजारी शेजारी. बाप मान वाकडी करून भलतीकडेच बघत होता. तिला हाक मारावीशी वाटली, "बाबा, वर." पण तिने तोंड उघडलं नाही. म्हटलं, चुकू दे. एकदा तरी मॅनेजरसाहेबांच्या देखत चुकू दे.

पलीकडच्या थप्पीमागे मावशी खाली पडलेली सुतळी उचलायला वाकली होती. ती उठली. पोत्यांच्या कडेवर आधी करडा रुमाल वर आला आणि हलला.

बापाने चाप ओढला.

मावशी ओरडलीसुद्धा नाही. दोन्ही हात तोंडावर धरून ती खाली बसली. बारकी धावत तिच्याकडे निघाली होती, तोच बापाने तिचा दंड पकडला, तिच्या दोन्ही हातांत बंदूक कोंबली आणि तो मागे सरला. "धर. तशीच उभी राहा." बायका धावत आल्या, मॅनेजर आला. "कुणी मारली?" बापाने बोट दाखवलं.

गाडी मावशीला घेऊन गेली. डावा डोळा गेला होता, हे तिथेच सगळ्यांना कळलं होतं. पोलीस यायचे होते. तोवर मॅनेजरने बापाला, बारकीला आणि घरून बोलावून घेतलेल्या आईला आपल्या खोलीत बसवलं, आणि "मला यातलं काही ठाऊक नाही" असं बजावून बाहेरून दार ओढून घेतलं.

बाप तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याने तिला डोळ्यांत बघून कधी काही समजावलं नव्हतं. आज तो समजावत होता. "नीट ऐक. तू सांगायचं, मीच मारली. बाबा बाहेर गेले होते, मी बंदूक उचलली. तू लहान आहेस. लहानांना दम देतात, रडवतात, घरी पाठवतात. मला मात्र आत टाकतील."

"रडून दाखव थोडं," आई म्हणाली. "तुझं काय जाणार आहे? त्याला नेलं तर या खोल्या जातील. आपण कुठं जायचं?"

बारकीने आधी आईकडे पाहिलं, मग बापाकडे. "बाबा, परवाना घेताना ती बाई काय म्हणाली होती, आठवतंय?"

"मला शिकवतेस?"

"नाही. आठवतंय का, विचारलं."

"ती बाई गेली खड्ड्यात!" बापाचा हात सवयीने उठला आणि डबी नव्हती म्हणून नुसताच कानशिलावर बसला. "मी सांगतो ते सांगायचं. कळलं?"

कानात शीळ घुमत राहिली. ती थांबल्यावर बारकी म्हणाली, "कळलं. तुम्ही म्हणता तसंच सांगते."

पोलीस ठाण्यात तिच्यासमोर एक प्रौढ पोलीस अधिकारी बाई बसली. बाप मागच्या बाकावर आईशेजारी होता, चेहरा पाडून, आणि मधूनमधून उसासे टाकत होता.

"छरा कुणी मारला?"

"मी."

"वय?"

"सोळा."

"बंदूक हातात कशी आली?"

"बाबांनी दिली. रोजच देतात."

मागे बाक करकरला. "अगं, आज तू उचललीस ना?" बाप म्हणाला. अधिकारी बाईने त्याला गप्प बसायची खूण केली.

"रोज म्हणजे केव्हापासून?"

"अकरा वर्षांची होते तेव्हापासून. बाबांना दिसत नाही. कबुतरं मीच मारते." मग तिने सगळं सांगितलं. पट्टी, शिडी, फटीतली कबुतरं. डावा कान सांगितला, बाईने तिच्या केसांखाली हात घालून तो बघितला. परवाना खात्यातली पाटी सांगितली. मॅनेजरला माहीत होतं, हेही सांगितलं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुठलीच गोष्ट कुठे अडली नाही. एवढ्या सगळ्या खऱ्यात खोटं एकच होतं, आणि ते तिने सगळ्यात आधी सांगून टाकलं होतं.

अधिकारी बाई उठून बापासमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्या हातून छरा सुटला असता तर निष्काळजीपणा झाला असता. परवाना गेला असता, दंड झाला असता, तुम्ही घरी गेला असतात. हे वेगळं आहे. अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात बंदूक? इतकी वर्षं? माणसांच्या जागी? आता उठू नका इथून."

बापाला कळायला थोडा वेळ लागला. मग तो ताडकन उठला. "मीच मारली! अहो, मी मारली! तिने नाही! विचारा तिला!"

बाईने बारकीकडे पाहिलं. बारकी खाली मान घालून रडत होती. आईने सांगितलं होतं तसं, थोडं.

"आता लेकीला वाचवायला निघालात," अधिकारी बाई म्हणाली. तिच्या आवाजात क्षणभर त्याच्याविषयी मायाही आली. "हे आधी सुचायला हवं होतं."

बाप ओरडत राहिला. आईची शपथ घेतली, लेकीची शपथ घेतली, शेवटी भिंतीवर डोकं आपटलं. जितका ओरडला तितकं ते लोकांना खोटं वाटलं. नेताना त्याला उंबरठा दिसला नाही. दोन शिपायांनी त्याला सावरलं.

राहिली होती मावशी. दुसऱ्या दिवशी बारकी दवाखान्यात गेली. मावशीच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. पलंगाशेजारी बसून बारकीने तिचा हात धरला.

"मावशी, पोलीस येऊन गेले?"

"गेले."

"काय सांगितलंस?"

"तुझा बाप मला समोर दिसत होता. बंदूक त्याच्या खांद्याला होती." मावशीने हात सोडवून घेतला. "पण तू मारलीस, असं सांगितलं. तू तसं सांगितलंस, हे त्यांच्याकडून कळलं. म्हटलं, पोरीने केलंय ते मोडायला नको. त्याला जाऊ दे आत."

बारकीला भडभडून आलं. हे रडणं खरं होतं. "मावशी, तुझे उपकार..."

"उपकार नको म्हणूस. तुझ्यासाठी नाही बोलले मी." मावशीचा आवाज अगदी शांत होता, पोती मोजताना असायचा तसा. "खोटं काय बोलले? आंधळ्याला परवाना तूच आणून दिलास. आणि काल दारात उभी होतीस. मला दिसलीस. कबुतरं वर आहेत, हे तुला कळत होतं. एक हाक मारायची होतीस."

"मला वाटलं, ते चुकतील नुसते."

"चुकलाच की तो." मावशीने तोंड भिंतीकडे फिरवलं. "जा आता. डबा ठेवला असशील तर तोही घेऊन जा."

डबा आणला होता. बारकीने तो उचलला आणि ती बाहेर पडली.

बापाला दोन वर्षांची शिक्षा झाली. मॅनेजरला समज मिळाली. त्याने पत्र्याखाली जाळी मारून घेतली आणि कबुतरांचा प्रश्नच मिटवला. खोल्या राहिल्या, कारण बारकी पोती शिवायला लागली आणि तिच्या हाताला वेग होता. मावशी परत आली, काळा चष्मा लावून. तिने बारकीला ओळीत सगळ्यात शेवटी बसवलं. कामापुरतं बोलायची. जेवायच्या सुट्टीत बायका गोल करून बसत तेव्हा बारकीसाठी कुणी सरकत नसे.

आई दर महिन्याला तुरुंगात जाऊन यायची. एकदा संध्याकाळी आली ती दारातच थांबली. बारकी विळीवर भाजी चिरत होती.

"त्याचं तिथं ऑपरेशन केलं," आई म्हणाली. "एका डोळ्याने दिसतंय आता. बसून बसून विचार करतो. म्हणाला, पोरीने मला त्या परवान्याच्या बाईचं विचारलं होतं. तिला सगळं माहीत होतं का, विचार."

बारकी चिरत राहिली.

"माहीत होतं?"

"हो."

आई तिच्यासमोर येऊन बसली. बारकीला वाटलं, ही आता मारेल किंवा छाती बडवून घेईल. आईने तसं काही केलं नाही. तिने विळी आपल्याकडे ओढली, चिरलेल्यातली अर्धी भाजी मोजून बाजूला केली आणि म्हणाली, "ही माझी. तुझं तू शिजव. आजपासून स्टोव्हही आळीपाळीने. तो सुटून येईपर्यंत तू कुठंतरी बघ. तो आला आणि तू या घरात असलीस तर मी मध्ये पडणार नाही."

"तू कधी पडली होतीस, आई?"

आई स्टोव्ह पेटवायला उठली. बारकी आपली वाटणी पुढ्यात घेऊन, तिचं होईपर्यंत थांबून राहिली.