धुतलेला जवस

मी जवसाचा एक जुना दाणा आहे. कुणी मला अळशीही म्हणतं. तिळाहून जरासा मोठा, तपकिरी, चपटा आणि इतका गुळगुळीत, की चिमटीत धरलंत तर निसटलोच म्हणून समजा. पण आता मी निसटू शकत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म बार्शीकडच्या काळ्या रानातला. आमचं फूल निळं. सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात. मागे उरतं वाटाण्याएवढं हिरवं बोंड. त्यात पाच खोल्या आणि खोलीत दोघं दोघं भावंडं, म्हणजे अगदी चाळच. मी तेव्हा पांढरा, पाणचट होतो. आई पानांत साखर तयार करायची आणि देठातून आम्हाला पाठवायची. माझ्या सालीतल्या पेशींनी तिचा आधी पिठूळ साठा केला आणि मग त्याचा चिकट डिंक करून घडी घालून ठेवला. आत माझ्या पोटात दोन इवल्या डाळी होत्या. त्यांनी त्याच साखरेचं तेल केलं, थेंब थेंब. साखर एकच, पण बाहेर डिंक आणि आत तेल. कशासाठी? तेल म्हणजे शिदोरी. कोंबाला हिरवी पानं फुटेपर्यंत खायला नको का? आणि डिंक पाणी धरून ठेवायला, मातीला चिकटून राहायला. मग बोंड वाळलं, मीही वाळलो आणि डिंक माझ्या अंगावर काचेसारखा झोपून गेला.

झोडपणी झाली. माझी पुष्कळ भावंडं घाण्यावर गेली. त्यांचं तेल हवा लागली की सुकून घट्ट होतं, म्हणून ते रंगात घालतात. माझगावच्या गोदीत एखाद्या बोटीच्या अंगावर माझा भाऊ असेलही. मी मात्र काशीबाईंच्या पिशवीतून काळाचौकीच्या चाळीत आलो.

मित्रांनो, तेव्हा गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. काशीबाई गावाहून परतल्या होत्या. त्यांनी शेजारच्या कमलला डबाभर जवस दिला. "चटणी कर, भाकरीसंगं खावा," म्हणाल्या. कमल मालवणकडची. तिचा नवरा रमाकांत गिरणीत सायझिंग खात्यात होता. त्यांची मुलगी सुनेत्रा आठवीत. या घरात डाळ-तांदूळ कमी होतेच, पण सुनेत्राला त्याहून एक गोष्ट कमी वाटायची. बाबांचं बोलणं. पूर्वी ते इतके बोलायचे, की आई म्हणायची, जरा श्वास घ्या. आता भिंतीकडे तोंड करून कॉटवर पडून असायचे. काही विचारलं तर मान हलवायचे, नाहीतर तेही नाही. रोज शाळेतून आली की ती काहीतरी विचारून बघायची. रोज भिंतच उत्तर द्यायची.

त्या दिवशी कमलने आम्हाला परातीत ओतलं आणि वर तांब्याभर पाणी घातलं. कुळीथ धुवावेत तसं. मग चाळीच्या नळावर पाणी आलं म्हणून हंडा घेऊन पळाली.

पाणी लागताच माझ्या अंगावरची काच जागी झाली. फुगली, सैल झाली. मी गुळगुळीतचा बुळबुळीत झालो. कमल परतली तोवर परातीत नुसता लगदा.

"अरे देवा, ह्या काय झाला?"

काशीबाई दारातून डोकावल्या आणि हसून हसून चौकटीला टेकल्या. "अगं बया, जवस कुणी धुतं व्हय? कोरडाच भाजायचा असतो."

"आमच्याकडे धुतल्याशिवाय काय चुलीवर ठेवत नाय गो," कमल म्हणाली. "सुनेत्रा, ओत जा मोरीत."

परात उचलली गेली. मोरी दोन पावलांवर. माझी शिदोरी, माझा डिंक, सगळं गटारात जाणार होतं. सुनेत्रा कॉटजवळून गेली, परात कलली आणि डिंकाची एक लांब तार बाबांच्या हातावर ओघळली.

त्यांनी हात पुसला नाही. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, हळूच लांब केलं. तार तुटली नाही.

"थांब," ते म्हणाले.

सुनेत्राने परात सरळ केली.

"ही खळ आहे."

"खळ म्हणजे काय, बाबा?" सुनेत्राने लगेच विचारलं. परात अजून तिच्या हातातच होती.

ते उठून बसले. फळीवरून कच्च्या सुताचा कोन काढला, दोन-तीन हात सूत तोडलं. "हे बघ, केसाळ आहे ना? असंच साच्यावर, म्हणजे मागावर, चढवलं तर घासून तुटणार. म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ पाजायची. तेच आमचं सायझिंग." त्यांनी सूत लगद्यातून ओढलं, चिमटीने निपटलं आणि खिडकीच्या गजापासून खुंटीपर्यंत ताणून बांधलं. "पातळ झाली तर सूत तुटतं, जाड झाली तर कडक होतं. आणि साचेवाला शिव्या कुणाला घालणार? मला."

"भावोजी, तोंड हाय व्हय तुम्हाला," काशीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, गिरणीतच ठेवून आलात."

बाबा हसले. सुनेत्रा विचारत राहिली, ते सांगत राहिले. वाफ, तापलेले पिंप, त्यावरून धावणारा ताणा. कमलने उरलेला लगदा गुपचूप तांदळाच्या पिठात मळला आणि त्या दिवशी भाकरीच्या कडा फाटल्या नाहीत. काशीबाईंनी दोन खाल्ल्या आणि चवीबद्दल चकार शब्द काढला नाही.

मी कुठे होतो? त्या सुतावर. ओढताना चिकटलो आणि तिथेच वाळलो.

रमाकांतची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. त्यांचं बोलणं मात्र सुरू राहिलं. सुनेत्राने त्या सुताचा माझ्यासकट बोटभर तुकडा आपल्या कंपासपेटीत ठेवला आणि मोठी झाली तरी टाकला नाही. माझ्या पोटातलं तेल आता खवट झालं असेल. मी रुजेन की नाही, मलाही ठाऊक नाही. म्हणून, मित्रांनो, एवढंच मागतो. काही बिघडलं, चिकट झालं, तर मोरीत ओतण्याआधी एकदा बोटांत घेऊन बघा. आणि घरात कुणी गप्प बसलं असेल, तर रोज काहीतरी विचारत राहा.

कधीतरी सुनेत्रा पेटी उघडते आणि सुताचं एक टोक धरून उभं करते. ते अजून वाकत नाही.