केवळाबाईंची आंबील

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात जेवायला बसलेली भावकी केवळाबाईंची आंबील मागून मागून प्यायची. शिजवलेल्या ज्वारीच्या कण्यांत ताक कालवून मडकं रात्रभर आंबू द्यायचं. अलीकडे हात सुनेचा, पुनमचा असायचा, पण अंदाज सासूचाच. गेल्या येळवसेला नांदेडहून संशोधन करणाऱ्या मालविका मॅडम देवणीजवळच्या त्यांच्या गावी आल्या आणि त्या आंबिलीची एक बाटली भरून घेऊन गेल्या.

सात महिन्यांनी मॅडमचा फोन आला. आंबिलीतल्या जंतूंनी प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या होत्या. त्यांचा आनंद आवाजात मावत नव्हता. पुनम तेव्हा लातूरच्या दवाखान्याच्या जिन्यात उभी होती. केवळाबाईंना आतड्याचा कॅन्सर निघून महिना होत आला होता.

तिने तसं सांगितलं, तशी मॅडमनी प्रयोगाचं बोलणं सोडून कोणते डॉक्टर, कोणते उपचार ते विचारलं.

भागवतला, तिच्या नवऱ्याला, मात्र उभारी आली. "म्हंजी औषध घरातच हाय की."

दुसऱ्या केमोनंतर केवळाबाईंना अन्न जाईना. त्या आंबीलच मागू लागल्या. पुनमने मॅडमला विचारलं.

"नको, पुनमताई. बशीतलं वेगळं, माणसाच्या अंगातलं वेगळं. त्यांच्या पांढऱ्या पेशी लई घसरल्यात म्हणता ना, मग आत्ता चांगले जंतूही बाधू शकतात."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मग पुनम सासूला रोज काहीतरी सांगत राहिली. ताक मिळालं न्हाई. ज्वारी भरडायची राहिली. केवळाबाई ऐकून घ्यायच्या. एकदा म्हणाल्या, "जलमभर पेले, तवा न्हाई बाधली. आता घोटभरानं काय व्हतंय, बाई?"

पुनमने उकळून गार केलेलं पाणी चमच्याने त्यांच्या तोंडात सोडलं.

त्याच आठवड्यात ताप भरला. आंबिलीचा थेंबही पोटात गेला नव्हता, तरी भरला, आणि उतरलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दहावा झाल्यावर मालविका भेटायला आल्या. दोघी ओसरीवर बसल्या.

"दिली असती तर?" पुनमने विचारलं.

"तरी वाचल्या नसत्या."

"वाचायचं न्हाई इचारलं, मॅडम. मागत राहिल्या व्हत्या. पेल्या असत्या, एवढंच."

तेवढ्यात भावकीतलं कुणीतरी दारात आलं, तशी पुनम पदर सावरत उठली.