पंधरा टक्के

चिमणीचा धूर डोळ्यांनी मोजणं हे माझं सरकारी काम. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि धूर किती टक्के दाट आहे ते दर पंधरा सेकंदांनी लिहायचं. परवान्यात वीसची मर्यादा असते. लोखंड ओतणाऱ्या कारखान्याला मी दोन वर्षं पंधरा देत आलो.

कारखान्यासमोर राहणारी माझी थोरली बहीण, अक्का, ती दोन वर्षं खोकत होती. "अरे, वर बघ तरी एकदा," ती म्हणायची. मी म्हणायचो, "बघण्याचाच पगार घेतो मी. सगळं नियमात आहे."

दर सहा महिन्यांनी आमच्या नजरेची परीक्षा होते. मैदानात यंत्र धूर सोडतं, आम्ही ओळीनं उभे राहून आकडे लिहितो. शेजारच्याच्या कागदावर डोकावणं ही खात्याची जुनी रीत. यंदाच्या परीक्षक बाईंनी आम्हाला लांब लांब उभं केलं आणि मी सपशेल आपटलो. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला.

ऑपरेशन झालं. परीक्षा पहिल्यांदाच स्वतःच्या डोळ्यांनी पास झालो आणि अक्काच्या गच्चीवरून चिमणी पाहिली. साठ. पुन्हा पाहिली, साठच. बहिणीला तोंड दाखवायची लाज वाटली.

नोटीस काढली. कारखान्याच्या वकिलानं उत्तरासोबत माझेच जुने अहवाल जोडले, सगळे सहीनिशी, सगळे पंधराचे. 'अधिकाऱ्यांच्या अनुभवी नजरेवर आमचा पूर्ण विश्वास आहे,' असं वर लिहिलं होतं. माझ्या नजरेचं एवढं कौतुक बायकोनंही कधी केलं नाही.

साहेब म्हणाले, "नोटीस मागे घ्या. नाहीतर जुने अहवाल चुकीचे होते असं लिहून द्या, कारणासकट."

कारणं दोन, मोतीबिंदू आणि परीक्षेतली कॉपी. मोतीबिंदूला माफी असते.

कोरा कागद घेऊन अक्काकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"निवृत्तीला किती राहिली?" तिनं विचारलं.

"चार वर्षं."

"आणि हे लिहिलंस तर?"

"उद्यापासून घरी."

तिला उबळ आली. तिनं पंप ओढला आणि धाप ओसरेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली. आता ती 'जाऊ दे' म्हणेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तेवढ्याच आशेनं मी आलो होतो.

ती समोर येऊन बसली. "तुझं लिहून झालं की खाली माझं लिही," ती म्हणाली. "खोकल्याच्या तारखा मी सांगते."