बोचक्यातलं बोचकं

आयेशा झोळीत निजली की अर्फाचं ऑफिस उघडायचं. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला, लॅपटॉप मांडीवर आणि समोर उंबऱ्याला टेकून वाकळ शिवत बसलेली सासू जरिना. नवरा वसीम दिवसभर दुकानात. इस्लामपुरातल्या त्या दोन खोल्यांत दुपारी आवाज म्हणजे झोळीच्या कडीची करकर, नाहीतर अर्फाच्या बोटांची टकटक. लग्नाआधी ती मलकापुरातल्या एका छोट्या कंपनीत कोड लिहायची. पोर झाल्यावर तेच काम घरून चालू होतं.

त्या दुपारी ऋषिराज सरांचा फोन आला. कंपनी त्यांचीच.

"अर्फा मॅडम, एक बारीक काम होतं. जतच्या टँकर ड्रायव्हरांमधनं एक नाव काढायचंय. बिराप्पा म्हणून हाय."

"का हो सर? काय झालं?"

"पाणी विकतोय गडी! गुंडाप्पा वस्तीवर टँकर जातच न्हाई म्हणं. तिथली माणसं कंत्राटदाराशी भांडून गेली. ह्याच्या सगळ्या फेऱ्यांवर टिक हाय, मग पाणी मुरतंय कुठं? आन् हा शहाणा काय म्हणतो, वस्तीचं नाव मोबाईलवर येतच न्हाई. आता कंप्युटर खोटं बोलतंय व्हय?"

अर्फा हसली. "नाही बोलत, सर."

त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटायची होती.

टँकरच्या कंत्राटदाराचं फेऱ्यांचं ते ॲप तिनंच लिहिलं होतं. रोज सकाळी ड्रायव्हरच्या मोबाईलवर ठिकाणांची नावं जायची आणि त्यांच्याबाहेर टँकर वळवायला बंदी होती. तिनं बिराप्पाचं नाव काढायला म्हणून फाईल उघडली आणि जाता जाता गुंडाप्पा वस्तीही शोधली. तालुक्याकडून आलेल्या मूळ यादीत ती होती. मोबाईलवर जाणाऱ्या यादीत नव्हती.

अर्फाचा अंगठा थांबला. झोळी थांबली.

मूळ यादी यादीतल्या यादीची होती. गाव, गावाच्या पोटात वाड्या, वाडीच्या पोटात वस्त्या. ड्रायव्हरला मात्र नावं एकाखाली एक, सपाट हवीत. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'फ्लॅट' नावाची आयती आज्ञा आहे. पण किती खोल जायचं ते तिला सांगितलं नाही, तर ती एकच पदर उलगडते आणि गप्प बसते. अर्फानं सांगितलं नव्हतं. तपासून बघताना तिनं आपल्या माहेरचं गाव घातलं होतं. उसाच्या पट्ट्यातलं गाव ते, गाव आणि त्याचे मळे, संपलं. एका पदरात सगळं मोकळं झालं. जतच्या माळावर वाडीच्याही पल्याड मेंढपाळांची वस्ती असते आणि तिलाही स्वतःचं नाव असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण जतची खरी यादी घातल्यावर प्रोग्राम अडला होता. इथे नाव नाही, न उघडलेली यादी आहे, असं त्यानं लाल अक्षरात सांगितलं होतं. नेमकी तेव्हा आयेशा तापानं किरकिरत उठली. काम त्याच दिवशी द्यायचं होतं. अर्फानं एक ओळ लिहिली, जे नाव नसेल ते सोडून दे. लाल अक्षरं गेली. नंतर बघू, असं म्हणून तिनं पोरीला उचललं होतं.

नंतर बघायचं राहून गेलं. आणि उन्हाळा तर भर माथ्यावर आलेला.

आता तिनं ती ओळ पुसली. फ्लॅटला कितीही खोल जा म्हणून सांगितलं. गुंडाप्पा वस्ती यादीत आली, तिच्यासोबत आणखी कुठल्या कुठल्या वस्त्या आल्या. अर्फानं एकेक नाव वाचलं. तिनं नवं ॲप गुपचूप चढवलं. आणि मग, सरांनी सांगितलं होतं म्हणून, बिराप्पाचं नावही काढून टाकलं. आपला हात तिकडे कसा गेला, हे तिला कधीच नीट सांगता आलं नसतं.

पाणी पोचेल, झालं, अशी तिनं मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी सरांचा फोन आला तो हसतच. "बघा मॅडम! ड्रायव्हर बदलला आन् वस्तीवर टँकर हजर! आणि काय पुरावा पायजे? आता वस्तीवरच काय, सगळ्या वाडीत त्याची छी थू चाललीय."

अर्फानं गुपचूप केलेली दुरुस्तीच त्या माणसावर उलटली होती.

जेवताना जरिना म्हणाली, "काय गं, भाकरी चिवडतीस नुसती? वसीम काय बोलला का?"

"नाही अम्मी." मग अर्फानं सगळं सांगून टाकलं.

जरिनाला त्यातलं कंप्युटरचं काही कळलं नाही, बाकीचं कळलं. "पानी मिळालं न्हवं त्यास्नी आता? मग कशाला उकरून काढतीस? काम गेलं म्हंजे? वसीमचं दुकान कसं चाललंय ते बघतीस न्हवं."

अर्फानं ताटं उचलली. जरिना वाकळ घेऊन सुईत दोरा ओवायला लागली. एकदा चुकला, दोनदा चुकला.

"त्या डायव्हरला लेकरंबाळं हायत का गं?"

"माहीत नाही, अम्मी."

"आसतीलच," जरिना म्हणाली आणि वाकळ बाजूला सारून आयेशाला आपल्या मांडीवर घेतलं. "जा. कर काय करायचं ते. ही हाय माझ्यापाशी."

अर्फानं सरांना फोन लावला. "सर, बिराप्पा खरं बोलत होता. वस्ती मोबाईलवर जातच नव्हती. चूक माझी आहे. आणि मी ती परवा गुपचूप दुरुस्त केली."

"हे मी कंत्राटदाराला सांगू? पुढचं काम मिळंल का आपल्याला?"

"तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते, सर."

"धमकी देताय व्हय, मॅडम?"

"नाही सर. मला जेवण जात नाही."

सरांनी फोन ठेवला. तासाभरानं एवढाच निरोप आला, बिराप्पाचं नाव परत घाला, तुमच्या कामाचं नंतर बोलू. नाव घालून अर्फानं त्याच्याच नंबरला फोन लावला.

बिराप्पानं सगळं ऐकून घेतलं. रागावला नाही, विरघळलाही नाही.

"कामाचं सोडा ओ ताई. टँकर न्हाई तर ट्रॅक्टर चालवीन. पर त्या वस्तीवर माझी सख्खी आत्ती ऱ्हाती, मनुबाई. परवा दारात गेलो तर तिनं पान्याचा तांब्या दिला न्हाई मला. म्हणली, आमचं पानी इकलंस आन् आता आमच्यातच प्यायला येतोस व्हय? माझी माफी मागून काय उपेग? तिला सांगा."

त्यानं दिलेल्या मनुबाईच्या नंबरवर आधी मेंढरं ऐकू आली, मग कुत्रं, मग ती. "कोन गं?"

अर्फानं नाव सांगितलं. पुढचं कसं सांगावं ते सुचेना. उंबऱ्यात जरिनाचं चिंध्यांचं बोचकं पडलं होतं, ते तिच्या नजरेला पडलं.

"आत्ती, एका बोचक्यात दुसरं बोचकं असतं, त्यात तिसरं. मला सगळी सोडायची होती. मी वरचंच सोडलं. तुमची वस्ती आतल्यात बांधलेली राहिली. बिराप्पांना तुमचं नाव कधी दिसलंच नाही."

"म्हंजे माझा बिराप्पा खरं बोलत हुता?"

"होय."

"आन् तुला कवा कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. "परवा. त्यांना कामावरनं काढायच्या आधी. त्यांचं नाव मीच काढलं, आत्ती."

पलीकडे मेंढरं ओरडत राहिली. मग मनुबाईनं विचारलं, "तुझ्या घरात पानी हाय न्हवं?"

अर्फानं न्हाणीकडे बघितलं. आयेशाच्या अंघोळीची बादली काठोकाठ भरलेली होती.

"आहे."

"हूं."

आत आयेशा रडायला लागली. "लेकरू रडतंय तुझं," मनुबाई म्हणाली. आवाजात माया नव्हती, रागही नव्हता. "घे जा त्याला."

पण फोन बंद करायचा मनुबाईकडून राहिला. अर्फानं पोरीला खांद्यावर घेतलं, फोन तसाच कानाला. जतच्या माळावरून मनुबाई कुणाला तरी हाका मारत होती.

"आगं, माझं पायतान कुटं हाय? बिराप्पाकडं जायाचं हाय मला. न्हाई न्हाई, मोकळ्या हातानं न्हाई. आदी कळशी भर."