होडीचा कप्पा

गुडघे टेकून तिनं होडीचं चित्र लावलेल्या कप्प्यात हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर काढली. मोजा. अर्धा खडू. नाक पुसलेला रुमाल. टोपी, आणि जोडीदार हरवलेला बूट. शेजारचा बदकाचा कप्पा निम्मा रिकामा होता, पतंगाचा तर जवळजवळ मोकळाच.

"कालही असंच," वर्गाच्या बाई म्हणाल्या. "आवरलं की पुन्हा तेच. मला तर काही कळेनासंच झालंय."

बालवाड्यांसाठी कपाटं आखण्यात तिची निम्मी हयात गेली होती. चार वर्षांच्या पोराचा हात कुठवर पोचतो, कुठला कोपरा डोक्याला लागतो, हे तिला तोंडपाठ होतं. नवरा तिला मोजपट्टीच म्हणायचा. प्रत्येक मुलाला एक कप्पा, कप्प्यावर चित्र. इतकं सरळ काम. शुक्रवारी मोठ्या बाई हा नमुना पाहायला येणार होत्या. त्यांना पटला तर सगळ्या वर्गांची कपाटं तिच्याकडे, नाहीतर मुसळ केरात.

कप्पा दाराजवळ म्हणून असं होत असेल, असं समजून तिनं होडीचं चित्र पार टोकाच्या कप्प्यावर लावलं. सगळा संसार टोकाला गेला. मग चित्र वरच्या रांगेत नेलं, तर पोरं स्टुलावर चढून तिथं कोंबू लागली. ती पुरती चक्रावली.

"होडी आहे तरी कुणाची?"

"आता कुणाचीच नाही. गोट्याची होती, त्याच्या वडिलांची बदली झाली. सोमवारी नवी मुलगी येतेय, तिला देऊन टाकू."

संध्याकाळी ती घरी रंगीत होड्या कापत बसली. पोरांना होडी आवडते ना, मग सगळ्यांनाच होडी. प्रश्न मिटला. इकडे नवरा लेकाच्या कपाटापुढे उभा होता. लेक नोकरीला लांब गेला, त्याला आता बरेच दिवस झाले होते.

"यात जुनी पांघरुणं कशाला कोंबलीस? माझी हत्यारं ठेवायची होती."

"असू देत. दुसरीकडे जागा नाही."

"अगं, माळा अख्खा रिकामा आहे, मोजपट्टी!"

कात्री चालूच राहिली.

सकाळी मुलं आली आणि कपाटापुढे थबकली. जिकडे तिकडे होड्याच होड्या. रडारड नाही, ढकलाढकली नाही, आणि याचीच तिला धास्ती वाटली. हातातला मोजा, हातातली टोपी घेऊन सगळी नुसती उभी. एकानं चार-पाच होड्यांना बोट लावून पाहिलं आणि तो मागे फिरला. दोन वेण्यांची एक मुलगी तिच्यापाशी आली.

"गोट्याची कुठली?"

"आता सगळ्यांनाच होडी दिलीय. तुला नको?"

"माझं बदक होतं." मुलीचा ओठ थरथरला. "गोट्याची कुठली, सांग ना."

"गोट्या तर गेला ना गं?"

"हो. पण कप्पा रिकामा दिसला की बाई दुसऱ्याला देतील." मग मुलीनं आवाज हळू केला. "म्हणून आम्ही थोडं थोडं ठेवतो."

लेकाच्या कपाटातली पांघरुणं तिच्या डोळ्यांपुढे आली. इतके दिवस ती कप्प्याची उंची तपासत बसली होती, आणि स्वतःच्या घरात काय चाललंय ते तिला दिसलं नव्हतं. तिनं खाली बसून नखानं एकेक होडी खरवडून काढली. बदक, पतंग, छत्री, सगळी जागच्या जागी गेली. खालच्या रांगेत, जिथं आधी होती तिथं, एकच होडी राहिली. नव्या मुलीसाठी तिनं सुताराकडून कडेला एक कप्पा जोडून घेतला.

शुक्रवारी मोठ्या बाईंनी कपाट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. खण ओढले, कडांवरून हात फिरवला. मग कप्पे मोजले आणि त्या थांबल्या.

"नवी मुलगी धरूनही एक जास्त होतोय. आखताना चुकलात?"

उभ्या आयुष्यात ती अशी चुकली नव्हती. कपाटापलीकडे दोन वेण्या हलायच्या थांबल्या.

"हो," ती म्हणाली. "चुकले."

"मग तो काढून टाका. रिकामा कप्पा कशाला?"

"रिकामा नाहीये तो."

मोठ्या बाईंनी वाकून आत पाहिलं. मोजा, टोपी, एकटा बूट, आणि सगळ्यांच्या वर तिची मोजपट्टी.