उतरवलेला सेल्फ

“फिरव चावी. आणखी. आता धरून ठेव.”

“धरलीये की.” मिस्त्रींची बायको ड्रायव्हरच्या सीटवर अंग चोरून बसली होती. उभ्या जन्मात ती पहिल्यांदाच त्या बाजूला बसली असेल. “काही होत नाहीये. राहू द्या ना अहो. मेकॅनिकला बोलावू.”

उघड्या बॉनेटमागून मिस्त्रींचं डोकं वर आलं.

“मेकॅनिकला? ह्या घरात?”

बोलून गेल्यावर तिलाच कसंसं झालं.

मिस्त्रींनी सारं आयुष्य गाड्यांचे सेल्फ दुरुस्त करण्यात घालवलं होतं. चावी फिरवली की इंजिनाला पहिला हिसका देऊन जागं करणारी ती मोटर, म्हणजे सेल्फ. आकाराने लहान, पण उचलायला चांगलीच जड. इंजिन एकदा धडधडू लागलं की सेल्फचं काम संपतं आणि मग त्याची कुणाला आठवण राहत नाही. मिस्त्रींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते म्हणायचे, “आपण फक्त उठवायचं. पुढे कुठे जायचं ते ज्याचं त्याने बघावं.”

त्यांच्या दुकानात गाडी आली की ते आधी नुसतं ऐकायचे. चावी फिरवल्यावर एकदाच ‘टक’ झालं की सेल्फकडे बघायचं. टकटकटक असं सुरू झालं की बॅटरीकडे. आणि काहीच वाजलं नाही, तर बॅटरी असते, सेल्फ असतो, पण मधला निरोपच पोचत नसतो.

आज काहीच वाजत नव्हतं.

मघाशी त्यांनी हेडलाइट लावून चावी फिरवायला सांगितली होती. दिवे जराही मंदावले नाहीत. म्हणजे बॅटरी भरलेली होती, पण तिच्याकडे कुणी काही मागतच नव्हतं. आता त्यांनी तपासणीचा दिवा काढला. त्याचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला लावला आणि टोचणी सेल्फवर येणाऱ्या बारीक वायरीला.

“क्लच दाबलायस ना?”

“हा डावीकडचा?”

“डावीकडचाच. दाब पूर्ण. फिरव.”

दिवा लागला नाही.

“हं,” मिस्त्री म्हणाले. सेल्फ निर्दोष सुटला. दोष वरच्या अंगाला होता. चावीच्या स्विचमध्ये, क्लचच्या स्विचमध्ये, नाहीतर त्या... त्या चौकोनी... त्यांची बोटं हवेत एक छोटा चौकोन करून थांबली. शब्द येईना. हातातल्या दिव्याकडे बघत ते तसेच उभे राहिले.

“पण निघालात कुठे एवढे?” बायकोने विचारलं.

“कुठे म्हणजे? दुकानात.”

दुकान विकून काही वर्षं झाली होती. पूर्वी ती तसं सांगायची. पण दर वेळी ती बातमी त्यांच्यासाठी नवीन असायची, आणि दर वेळी त्यांचा चेहरा तसाच उतरायचा. मग तिने सांगणं सोडून दिलं. आजारही त्यांना सांगून झाला होता. डॉक्टरांनी समोर बसवून, हळूहळू, नीट समजावलं होतं. तेही ते विसरले होते.

“त्या दिवशीचं काहीच आठवत नाही का हो तुम्हाला?”

“कुठल्या दिवशीचं?”

ती गाडीतून उतरली. “दूध ठेवलंय गॅसवर,” म्हणाली आणि आत गेली. पण ती स्वयंपाकघरात थांबली नाही. मुलगी गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिला बोलवायला ती तडक जिना चढली.

मिस्त्री एकटे उरले. काय शोधत होतो ते क्षणभर त्यांना कळेना, पण हातांना ते ठाऊक होतं. हातांनीच बॅटरीशेजारची काळी पेटी चाचपली, दोन्ही बाजूंच्या कड्या दाबल्या आणि झाकण उचललं. आत फ्यूज रांगेने बसलेले. त्यांच्या पलीकडे काळे चौकोनी तुकडे, एकासारखा एक. आणि त्यांच्यामध्ये एक जागा रिकामी. चार खाचा, आत स्वच्छ पितळ.

“रिले,” मिस्त्री मोठ्याने म्हणाले. शब्द आपोआप परत आला.

चावीचा निरोप घेऊन सेल्फकडे वीज सोडणारा रिले. तो जळतो, चिकटतो, कधी गरम होऊन दगा देतो. पण पेटीच्या कड्या लावलेल्या असताना तो आपण होऊन नाहीसा होत नाही. कुणीतरी काढला होता. आणि काढणारा अडाणी नव्हता. पक्कड लावल्याचे ओरखडे नव्हते, खाचा पसरल्या नव्हत्या. कित्येक तुकड्यांमधून त्याने नेमका हाच उचलला होता.

सुट्टीच्या दिवशी दुकानात बाकड्यावर बसून पाय हलवणारी, दर तुकड्याला ‘हे काय, हे कशाला’ विचारून भंडावून सोडणारी एकच पोरगी त्यांना माहीत होती.

मिस्त्री गाडीला टेकले. आणि मग आतून कुठूनतरी संत्री आली. डांबरी रस्त्यावर घरंगळत चाललेली संत्री, एक फाटलेली निळी पिशवी, एका बाईची किंकाळी. हे चित्र त्यांना मधूनमधून दिसायचं. ते त्याला स्वप्न समजत होते. पण स्वप्नात ब्रेकचा कर्रकन आवाज येत नाही, आणि पायाखाली तो पॅडल इतका खरा लागत नाही.

त्यामागोमाग डॉक्टरांचं ते समजावणं आठवलं, दुकान विकल्याचंही. मग त्यांनी हॉर्नचा रिले काढला. सरळ वर, डावीउजवीकडे किंचित हलवत. दोघांचं माप एकच. तो त्यांनी रिकाम्या खाचांत बसवला, गाडीत येऊन बसले, क्लच दाबला आणि चावी फिरवली.

इंजिन एका दमात सुरू झालं.

तो आवाज ऐकून मुलगी जिन्यावरून धावत खाली आली. खांद्यावर ओला टॉवेल तसाच. फाटक सताड उघडं होतं. ती गाडीसमोर आडवी गेली नाही. चालत खिडकीपाशी आली आणि काचेच्या कडेवर हात ठेवून उभी राहिली.

“बाबा.”

“चालू झाली.”

“हो.”

“हॉर्नचा लावला.”

इंजिन एका लयीत चाललं होतं.

“तू काढलास?”

तिने मान डोलावली.

“ओढलास की हलवून काढलास?”

“हलवून. तुम्ही शिकवलं होतं तसाच.”

“मग ठीक. पाती वाकत नाहीत.” त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. “त्या बाईला... किती लागलं गं?”

“हात मोडला. आता बऱ्या आहेत. मी दोनदा भेटून आले.”

“सिग्नल लाल होता?”

“हो, बाबा.”

मिस्त्रींनी चावी मागे फिरवली. अंगणात एकदम शांत झालं. वर गच्चीत बायको कठड्याला धरून उभी होती.

“पण तू चुकलीस,” मिस्त्री म्हणाले.

“माझं चुकलंच. तुम्हाला विचारून करायला हवं होतं. न सांगता—”

“ते नव्हे गं. काम चुकलीस. एकसारखे चार आहेत आत, एक काढून काय होतंय? आज मला सापडलं. उद्या मला हे आठवणार नाही. मी पुन्हा शोधीन, आणि पुन्हा मला सापडेल. दुसरं काही येत नाही, पण हे येतं मला अजून.” ते गाडीतून उतरले. “दहाचा पाना आण. आणि तेराचा. टेप आहे ना घरात?”

“कशाला, बाबा?”

“सेल्फ उतरवू. सेल्फच नसला तर मी काय, माझा बापही चालू करू शकायचा नाही.”

ती जागची हलेना. “बाबा, राहू द्या. आपण दुसरं काहीतरी बघू.”

“आण म्हणतोय ना. आत्ता लक्षात आहे तोवर.”

तिने पाने आणले. त्या गाडीचा सेल्फ वरूनच हाताला येत होता. मिस्त्रींनी आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली, मग सेल्फवरची जाड वायर, मग बारीक. बोल्ट जाम होते. मुलगी पुढे झाली तसे ते म्हणाले, “थांब, मला करू दे,” आणि पान्यावर अंगाचा भार टाकला. कर्रकन आवाज होऊन बोल्ट सुटला. हात कुठे अडला नाही. वायरींच्या उघड्या टोकांना त्यांनी टेप गुंडाळली आणि शेवटचा पदर नखाएवढा दुमडून ठेवला. पुढे सोडवणाऱ्याला टोक हाताला लागावं म्हणून ते नेहमीच तसं करायचे. बोल्ट हरवू नयेत म्हणून परत त्यांच्याच भोकांत फिरवले.

सेल्फ त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि मुलीच्या हातातल्या फडक्यावर ठेवला. ती वजनाने खाली वाकली.

“ज्याने दुकान घेतलंय त्याच्याकडे ठेव. मी मागायला आलो तर देऊ नको म्हणावं. मी भांडेन. तरी देऊ नको म्हणावं.”

ती मान खाली घालून उभी होती. तेव्हा त्यांनी तिच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तिचे काळे झालेले हात पुसले. आधी तिचे, मग आपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चावी घेऊन गाडीत येऊन बसले. फिरवली. काहीच नाही, समोरचे दिवेसुद्धा नाहीत. ते खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

मुलगी कामावर निघाली होती, ती दारातच थांबली.

“ह्याचा सेल्फ कुठाय? कुणी उतरवला?” त्यांचा आवाज चढला होता.

“तुम्हीच, बाबा. काल.”

मिस्त्री वाकले. त्यांनी भोकांत फिरवून ठेवलेले बोल्ट पाहिले. मग टेपवरून अंगठा फिरवला, तो शेवटच्या दुमडीशी येऊन थांबला.

“हो,” ते हळूच म्हणाले. “माझंच काम आहे.” आणि थोड्या वेळाने, “मग काहीतरी कारण असेल.”

“होतं.”

कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. बॉनेट खाली आणून दोन्ही तळव्यांनी दाबून बसवलं.

“तू कशी जाणार?”

“बसने.”

“उशीर होईल तुला. चल.” त्यांनी तिच्यासाठी फाटक उघडलं, आणि ती कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होईपर्यंत फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभे राहिले.